अर्धगुणसूत्री विभाजन : यातलं ‘अर्ध’ नेमकं कशाचं?

शालेय विज्ञानात मायटॉसिसला, म्हणजे एका पेशीच्या तेवढ्याच गुणसूत्रांच्या दोन पेशी होण्याला, ‘सूत्री विभाजन’ आणि मियॉसिसला, म्हणजे लागोपाठ दोन फेऱ्यांत होणाऱ्या पेशीविभाजनाला, ‘अर्धगुणसूत्री विभाजन’ म्हणतात. पण क्रोमॅटिडलाही, म्हणजे दुप्पट झालेल्या गुणसूत्राच्या दोन सारख्या धाग्यांपैकी एकाला, ‘अर्धगुणसूत्र’ असाच शब्द आहे. मग अर्धगुणसूत्री विभाजन म्हणजे अर्धगुणसूत्रांचं विभाजन, असा विग्रह कुणी केला तर त्याला चूक कसं म्हणायचं? आणि जाता जाता : युग्मक, जननपेशी, बीजपेशी हे सगळे एकाच अर्थाचे का?

*

विग्रह ‘निम्म्या संख्येची गुणसूत्रं देणारं विभाजन’ असा करायचा. ‘अर्ध’ संख्येला लागतं, गुणसूत्राला नाही. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं, युग्मकात (अंडपेशीत किंवा शुक्रपेशीत) २३. ती २३ अख्खीच असतात, कापलेली नव्हेत.

तुमची शंका मात्र रास्त आहे, कारण शब्दावरून जावं तर माणूस नेमका उलट्या ठिकाणी पोचतो. अर्धगुणसूत्रं एकमेकांपासून सुटतात ती सूत्री विभाजनात, पश्चावस्थेत, म्हणजे धागे दोन टोकांकडे ओढले जातात त्या टप्प्यावर. मियॉसिसच्या पहिल्या फेरीत ती सुटतच नाहीत. तिथे आईकडून आलेलं आणि वडिलांकडून आलेलं अशी सजातीय गुणसूत्रांची जोडी फुटते आणि प्रत्येक गुणसूत्र आपली दोन्ही अर्धगुणसूत्रं घेऊन एकेका टोकाला जातं. संख्या निम्मी होते ती इथेच. अर्धगुणसूत्रं सुटतात दुसऱ्या फेरीत आणि ती फेरी दिसायला जवळजवळ सूत्री विभाजनासारखीच असते.

*

वरच्या उत्तराला पुस्ती. ‘निम्मी’ म्हणजे ४६ पैकी कुठलीही २३ नव्हेत. चपलांचे २३ जोड असतील तर प्रत्येक जोडातली एकेक उचलायची. अकरा जोड पूर्ण आणि एक सुटी चप्पल घेतली तरी आकडा २३च भरतो, पण उपयोग शून्य. मियॉसिसमधली सगळी उस्तवार, म्हणजे जोड्या शोधणं, शेजारी लागणं, तुकड्यांची अदलाबदल करणं, त्यासाठीही आहे. २१व्या क्रमांकाची जोडी न फुटता एकाच युग्मकात गेली, तर फलनानंतर त्या क्रमांकाची तीन गुणसूत्रं होतात. डाऊन सिंड्रोम बहुतेक वेळा असाच उद्भवतो. ‘अर्ध’ या शब्दात यातलं काहीच येत नाही. पण एका शब्दानं तरी किती ओझं वाहायचं?

*

मूळ शब्द पाहिले तर ‘सूत्री’ला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत. जर्मन जीवशास्त्रज्ञ वाल्थर फ्लेमिंग यांनी सॅलमँडर या उभयचराच्या अळ्यांच्या पेशी रंगवून पाहिल्या. त्यांना केंद्रकात धागे दिसले आणि १८८२ साली त्यांनी ग्रीक ‘मिटॉस’ म्हणजे धागा यावरून मायटॉसिस हे नाव वापरलं. धागा म्हणजे सूत, संस्कृतात सूत्र. मियॉसिस हा शब्द १९०५चा, फार्मर आणि मूर या ब्रिटिश शास्त्रज्ञांचा. त्याचा अर्थ ‘घटणं’. त्यात ना अर्ध आहे, ना गुणसूत्र. म्हणून मला ‘न्यूनीकरण विभाजन’ जास्त प्रामाणिक वाटतो. जड आहे, मान्य. पण क्रोमॅटिडशी गल्लत तरी करत नाही.

आणि ‘गुणसूत्र’ हा मराठीनं मुळापेक्षा सरस केलेला शब्द. जर्मन शास्त्रज्ञ वाल्डेयर यांनी १८८८ साली क्रोमोसोम म्हटलं ते रंग घेणारी काया म्हणून. ‘रंगसूत्र’ शब्दशः जवळचा, पण ‘गुणसूत्र’ त्याचं काम सांगतो.

*

दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही, म्हणून. युग्मक आणि जननपेशी समानार्थी धरू नका. जननपेशी ही सगळी वंशावळ. अंडाशयातल्या नि वृषणातल्या ज्या द्विगुणित (गुणसूत्रांच्या जोड्या असलेल्या) पेशींपासून पुढे युग्मकं होतात, त्याही जननपेशीच, आणि त्यांची संख्या आधी साध्या सूत्री विभाजनानंच वाढते. युग्मक म्हणजे या वंशावळीचं शेवटचं, एकगुणित (प्रत्येक जोडीतलं एकेकच गुणसूत्र असलेलं) टोक. ज्याचं दुसऱ्याशी युग्म होतं ते.

हा भेद शब्दच्छलाचा नाही. मुलगी जन्मण्याआधीच तिच्या अंडाशयातल्या पेशी मियॉसिस सुरू करतात आणि पहिल्याच फेरीच्या पूर्वावस्थेत, म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यावर, थांबतात. ती वयात येईपर्यंत, आणि काही पेशी तर चाळिशीपर्यंत, तशाच थांबलेल्या. पहिली फेरी पुरी होते अंडमोचनाच्या जरा आधी. दुसरी फेरी शुक्रपेशी आत शिरली तरच. म्हणजे आपण ज्याला सरसकट ‘अंडपेशी’ म्हणतो, तिचं मियॉसिस अंडाशयातून बाहेर पडतानाही अपुरंच असतं! शिवाय इथे चार सारख्या पेशी होत नाहीत : एक मोठी, बाकीचे चिमुकले ध्रुवपिंड, जे विरून जातात. शुक्रपेशी मात्र एका मातृपेशीपासून चार.

‘युग्मकं मियॉसिसनंच तयार होतात’ हे वाक्यही प्राण्यांपुरतंच, तेही बहुतेक. सपुष्प वनस्पतीत मियॉसिसनं बीजाणू होतात. परागकणातली युग्मकं त्यानंतरच्या सूत्री विभाजनातून येतात. म्हणून परागकणालाच नर युग्मक म्हणणं चूक. मधमाशीचा नर तर अफलित अंड्यातून जन्मतो, मुळातच एकगुणित, १६ गुणसूत्रांचा. त्याच्या शुक्रपेशी संख्या निम्मी न करताच बनतात. निम्मं करायला जोडीच कुठे आहे?

*

‘बीजपेशी’ मी टाळते. ‘बीजांड’ तर माणसाच्या संदर्भात नकोच. वनस्पतीत बीजांडाचं पुढे बी होतं आणि अंडपेशी असते त्याच्या पोटात. दवाखान्यात ‘स्त्रीबीज’ चालतं, चालू द्यावं. ‘शुक्रजंतू’ मात्र आता सोडायला हरकत नाही. तो ना जंतू, ना कुणाचा संसर्ग.

*

सगळ्यांचे आभार. विग्रह कळला, पण दोन अर्थांना जवळजवळ एकच शब्द ही अडचण राहतेच. क्रोमॅटिडला ‘गुणसूत्रभुजा’ म्हटलं तर?

*

नको. भुजा म्हणजे सेंट्रोमियरच्या (दोन अर्धगुणसूत्रं जिथे जोडलेली असतात त्या जागेच्या) वरचा आणि खालचा भाग, तो शब्द आधीच अडकलेला आहे. त्यापेक्षा सरळ ‘क्रोमॅटिड’ लिहा. वर मायटॉसिस, मियॉसिस लिहिलेच आहेत, त्यांना कुणी हरकत घेतलेली नाही.