मदत हवी आहे: दोन दिवसांत 16 संघांची मूट कोर्ट स्पर्धा कशी बसवावी?

मोंढा_रोड

नमस्कार मंडळी. परभणीत आमच्या विधी महाविद्यालयात पहिल्यांदाच आंतरमहाविद्यालयीन मूट, म्हणजे काल्पनिक खटल्यावर विद्यार्थ्यांनी युक्तिवाद करायची स्पर्धा, घ्यायलोत. नांदेड, लातूर, बीड, हिंगोली, जालना, संभाजीनगर मिळून 16 संघ धरलेत. दोन वक्ते, एक रिसर्चर असा तिघांचा संघ. शनिवार-रविवार, चार खोल्या आणि एक सभागृह. हातात अडीच महिने आहेत.

मूट प्रॉब्लेम, म्हणजे तो काल्पनिक खटला, समितीनेच लिहिलाय. थोडक्यात असा: काल्पनिक गाव. 20 जून 2024 च्या रात्री मोंढ्यातल्या अडत दुकानात मुनिमाचा खून होतो. कॅमेरे बसवणाऱ्या पोराने सीसीटीव्हीचं चित्रण पेनड्राइव्हवर काढून पोलिसांना दिलं. डीव्हीआर (चित्रण साठवणारं मूळ यंत्र) नंतर बिघडला म्हणून मालकाने बदलून घेतला. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागतं ते प्रमाणपत्र जोडलेलं नाही. सत्र न्यायालयाने त्या चित्रणावरून आरोपीला भारतीय न्याय संहितेच्या कलम 103 खाली जन्मठेप दिली. आता औरंगाबाद खंडपीठात अपील. दुसरा कुठलाच पुरावा ठेवला नाही, म्हणजे वाद एकाच मुद्द्यावर राहील.

विचारायचं ते असं: प्रॉब्लेम चालेल का? वेळापत्रक आणि गुण कसे बसवायचे? न्यायाधीश किती लागतील? आणि मराठीत बोलू द्यावं का?

खाली_सही

वेळापत्रकाचं नंतर बघू, आधी प्रॉब्लेम दुरुस्त करा. आहे तसा पाठवलात तर स्पर्धा तिथेच बसली.

पहिली चूक तारखेची. न्याय संहिता लागू झाली 1 जुलै 2024 पासून. 20 जूनच्या खुनाला भारतीय दंड संहितेचं कलम 302 लागतं, 103 नाही. खटला जुलैनंतर उभा राहिला असेल तर पुराव्याला मात्र भारतीय साक्ष्य अधिनियम लागेल. म्हणजे गुन्हा जुन्या कायद्याचा, पुरावा नव्या कायद्याचा. हे मुद्दाम ठेवलं असेल तर फर्मास मुद्दा आहे, पण मग आरोपच चुकीच्या कायद्याखाली लावला हा वाद संघ उकरून काढणार आणि चित्रण बाजूला राहणार. तारीख 12 ऑगस्ट 2024 करा, विषय मिटला.

दुसरी चूक मोठी आहे. चित्रणाशिवाय पुरावाच नाही म्हटल्यावर चित्रण बाहेर गेलं की अपील मंजूर. राज्याच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या पोरांनी बोलायचं काय? खोतकर विरुद्ध गोरंट्याल, (2020) 7 एससीसी 1, हा निकाल आपल्या जालन्याच्या निवडणुकीतूनच गेलेला आहे. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आले का, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रणावरून ठरवायचं होतं. मूळ उपकरण कोर्टात आणलं नाही तर 65-बी चं (जुन्या पुरावा कायद्याचं कलम) प्रमाणपत्र हवंच, असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं. तरी निवडून आलेल्या उमेदवाराचं अपील फेटाळलं गेलं, कारण चित्रण सोडून बाकीचा पुरावा पुरेसा होता. तुमच्या प्रॉब्लेममध्ये हा 'बाकीचा पुरावा'च नाही. तो घाला, पण लंगडा घाला:

एक हमाल साक्षीदार, ज्याने आरोपीला सव्वादहाला दुकानातून निघताना पाहिलं, पण उलटतपासणीत गल्लीतला दिवा बंद होता हे कबूल केलं. आरोपीने दाखवलेल्या जागेवरून कोयता जप्त, पण दोन पंचांपैकी एक फितूर. ही जप्ती आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 च्या परंतुकाखाली येते, जुनं कलम 27. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: तेच चित्रण मालकाच्या मोबाइलवरच्या ॲपमध्येही आपोआप साठत होतं आणि तो मोबाइल पोलिसांनी जप्त केला, असं लिहा.

ही तिसरी ओळ कशासाठी, तर नव्या कायद्याच्या कलम 57 ला जोडलेल्या स्पष्टीकरणांसाठी. एकाच वेळी साठवलेलं आणि दुसरीकडे पाठवलेलं चित्रण असेल तर साठवलेली प्रत्येक प्रत प्राथमिक पुरावा, असं तिथे म्हटलंय. योग्य ताब्यातून आलेलं इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डही, त्यावर वाद नसेल तर, प्राथमिक. राज्य हे धरून लढेल. अपीलकर्ता कलम 63(4) धरेल. तिथे प्रमाणपत्राचे दोन भाग झालेत, एक रेकॉर्ड देणाऱ्याचा, एक तज्ज्ञाचा, आणि हॅश व्हॅल्यू (फाइलचा ठसा म्हणावा असा आकडा) लिहावी लागते. आता दोन्हीकडे बोलायला काहीतरी आहे. वर अजून एक प्रश्न टाका: अपिलात येऊन राज्य आता प्रमाणपत्र हजर करू शकतं का? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेली) कलम 432, जादा पुरावा.

तपासायची रीत साधी. समितीबाहेरच्या दोघांना बसवा, प्रत्येकाने दोन्ही बाजूंचे चार-चार मुद्दे लिहायचे. एखाद्या बाजूला कोणालाच दोनाच्या पुढे जाता आलं नाही तर प्रॉब्लेम परत लिहायला घ्या. साक्षींचे महत्त्वाचे उतारे परिशिष्टात शब्दशः द्या, नाहीतर प्रत्येक संघ आपापला साक्षीदार घडवतो. शंका विचारायला 15 दिवसांची मुदत ठेवा, उत्तरं सगळ्यांना एकदमच पाठवा. न्यायाधीशांसाठी चार-पाच पानांचा बेंच मेमो हवा: मुद्दे, दोन्हीकडची उत्तरं, विचारायचे दहा-बारा प्रश्न. तो आदल्या आठवड्यात त्यांच्या हातात पडला पाहिजे, स्पर्धेच्या सकाळी नाही.

वेळ_संपली

वरच्या प्रतिसादाशी सहमत. आता हिशोब.

प्रत्येक संघ एकदा अपीलकर्ता, एकदा राज्य. 16 संघ, दोन फेऱ्या, म्हणजे 16 सामने. चार खोल्यांत चार पाळ्या. एका संघाला 30 मिनिटं, त्यात अपीलकर्त्याचं रिबटल (शेवटचं प्रत्युत्तर) धरून: 13, 12 आणि 5. न्यायाधीशाच्या प्रश्नांचा वेळ यातच मोजायचा, हे नियमात लिहा, कारण पहिलं भांडण यावरूनच होतं. 60 मिनिटं वाद, वाढीव वेळ फार तर 4, गुण लिहायला 10, सूचनांना 10. 84 झाले, म्हणून पाळी 90 मिनिटांची. साडेदहा, बारा, मग जेवण, सव्वादोन, पावणेचार. सव्वापाचला मोकळे. पाळी 60 मिनिटांची धरली की दुपारी दोनपर्यंत एक तास मागे पडता आणि चौथी पाळी ट्यूबलाइटच्या उजेडात चालते.

रविवारी उपांत्यपूर्व साडेनऊला चारही खोल्यांत, उपांत्य साडेअकराला दोन खोल्यांत, अंतिम अडीचला सभागृहात, प्रत्येक बाजूला 45 मिनिटं.

लॉट स्पर्धेच्या सकाळी काढू नका. गुरुवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर काढा आणि समोरच्या संघाचं मेमोरियल (लेखी युक्तिवाद) त्याच रात्री मेल करा. शनिवारी बीडची एसटी उशिरा आली तरी मग फक्त नोंदणी खोळंबते.

न्यायाधीश: जन्मठेपेचं अपील दोन न्यायमूर्तींपुढे चालतं, तेव्हा खोलीत दोन ठेवणं शोभतंही. सकाळी आठ, दुपारी वेगळे आठ, शिवाय दोन राखीव. त्याच आठांना दिवसभर बसवलं तर चौथ्या पाळीला प्रश्न बंद होतात आणि गुण सढळ होतात. वकील मंडळी हवी असतील तर दुसरा किंवा चौथा शनिवार धरा, जिल्हा न्यायालयाला सुट्टी असते. सहभागी महाविद्यालयात शिकवणाऱ्याला त्यांच्या संघाच्या खोलीत बसवायचं नाही.

गुणांची गोम इथे आहे. खोली दोनमधले न्यायाधीश सढळ: 82 विरुद्ध 80. खोली चारमधले कडक: 58 विरुद्ध 49. नुसती बेरीज केली तर खोली दोनमधला हरलेला 80 वाला संघ खोली चारमधल्या जिंकलेल्या 58 वाल्याच्या वर बसतो. म्हणून आधी किती सामने जिंकले ते बघा, बरोबरी झाली तर गुणांतला फरक, त्यानंतर मेमोरियल. ही बरोबरी होणारच. चार संघ दोन्ही सामने जिंकले तर आठ संघ एक-एकवर अडकतात आणि त्यातले चार वर जातात. अर्धी उपांत्यपूर्व फेरी या एका नियमावर ठरते, तेव्हा तो आधी छापा.

वक्त्याचे 100 गुण असे वाटा: कायदा आणि त्याचा वापर 30, प्रश्नांना उत्तरं 30, तथ्यांवर पकड 20, मांडणी 10, वेळ आणि वागणूक 10. इंग्रजी किती झकपक याला वेगळा रकाना देऊ नका, तो आपोआप मोजला जातोच.

मेमोरियल 32 येतील. अपीलकर्त्याची सगळी 16 एकाच परीक्षकाला, राज्याची सगळी 16 दुसऱ्याला. निम्मी-निम्मी वाटलीत की वरचाच घोटाळा कागदावर होतो. एकाला 30-40 मिनिटं लागतात, म्हणून दहा दिवस द्या. संघांना कोड द्या, आणि पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखकाचं नाव तपासा. मुखपृष्ठावर कोड आणि आत महाविद्यालयाच्या संगणकाचं नाव, हे हमखास सापडतं.

पहिला_बाक

धागा वाचून विचारते. आम्ही भाग घेणाऱ्यांतले, पहिलीच मूट. मेमोरियलचा क्रम गुगलवर मिळतो, पण गुण कुठे जातात ते कोणी सांगत नाही. आणि न्यायाधीश मध्येच अडवतात तेव्हा काय करायचं?

खाली_सही

क्रम ठरलेला आहे ताई: अनुक्रमणिका, संक्षेप, आधारसूची, अधिकारक्षेत्र, तथ्यं, मुद्दे, युक्तिवादाचा सारांश, सविस्तर युक्तिवाद, मागणी. गुण जातात ते तीन ठिकाणी.

तथ्यांमध्ये वकिली केली की. 'आरोपीला खोटं गोवण्यात आलं' हे तथ्य नाही, तो तुमचा युक्तिवाद.

कलमांमध्ये. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 482 म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं 482 म्हणजे अटकपूर्व जामीन, अंगभूत अधिकार गेले 528 मध्ये. आकडा तोच, अर्थ वेगळा, आणि जुन्या मेमोरियलवरून उतरवलेलं लगेच उघडं पडतं. या प्रॉब्लेमला अधिकारक्षेत्र कलम 415(2) चं.

निकालांमध्ये. शफी मोहम्मद, 2018, हा निकाल प्रमाणपत्राची अट सैल करतो म्हणून राज्याच्या बाजूने टाकायचा मोह होतो. तो 2020 च्या खोतकर निकालाने रद्द ठरवला आहे. प्रत्येक निकाल ई-एससीआरवर (सुप्रीम कोर्टाच्या निकालांचं संकेतस्थळ) फुकट उघडून वाचा, परिच्छेद क्रमांक तिथूनच घ्या. चॅटबॉटने दिलेलं साइटेशन न उघडता घालू नका. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात असले बनावट निकाल दाखल केल्याबद्दल वकिलांना 5,000 डॉलर दंड झाला. इथे दंड नाही, पण रिसर्चरला 'हा निकाल दाखवा' म्हटलं की संपलं.

बोलताना: पहिल्या मिनिटात मुद्दे किती, कोणता कोण मांडणार, एवढं सांगा. अडवलं की वाक्य तिथेच सोडा. पहिला शब्द हो किंवा नाही, मग कारण, मग आधार, मग आपल्या मुद्द्यावर परत. म्हणजे असं:

'मोबाइलमधली प्रत पोलिसांनी जप्त केली आहे ना? मग पेनड्राइव्हवर का भांडता?'

'हो, जप्त केली आहे. पण खटल्यात दाखवली गेली ती पेनड्राइव्हवरची प्रत. मोबाइल निशाणी (कोर्टात नोंदवलेला पुरावा) म्हणून आलाच नाही, परिशिष्ट दोन, पान चार. म्हणून स्पष्टीकरणाचा फायदा त्या प्रतीला मिळत नाही.'

'त्यावर मी पुढे येणार आहे' हे उत्तर नव्हे. आणि हमालाने आरोपीला पाहिलं हे मान्य करावं लागलं तर करून टाका, दिव्याचा मुद्दा हातात ठेवा. सगळंच नाकारणाऱ्या वक्त्यावर बेंचचा भरवसा उडतो.

गोदाकाठ

भाषेबद्दल. घटनेच्या अनुच्छेद 348 मुळे उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत, म्हणून बरेच आयोजक मराठी नको म्हणतात. पण ही मूट आहे, आणि इथली निम्मी पोरं उद्या तालुका कोर्टात मराठीतच साक्ष घेणार आहेत. वक्त्यागणिक भाषा निवडू द्या, मात्र नोंदणीच्या अर्जातच लिहून घ्या म्हणजे खोलीत तशी माणसं बसवता येतील. युक्तिवाद मराठीत असला तरी कलमाचा आणि निकालाचा मजकूर मुळातलाच वाचायचा. वाचताना केलेल्या भाषांतरात 'may' चा 'shall' होतो.

संबोधनही नियमात ठरवून टाका. बार कौन्सिलच्या 2006 च्या नियमाप्रमाणे उच्च न्यायालयात 'युवर ऑनर' किंवा 'ऑनरेबल कोर्ट' चालतं. उलट फेब्रुवारी 2021 मध्ये एका कायद्याच्या विद्यार्थ्याने 'युवर ऑनर' म्हटलं तेव्हा सरन्यायाधीश बोबडे यांनीच हरकत घेतली होती. आपल्याकडच्या बुजुर्ग वकिलांना 'माय लॉर्ड' लागतं. पोरांनी कोणाचं ऐकावं? 'माननीय न्यायालय' ठेवा, आणि दुसरं काही म्हटलं तरी गुण कापू नका, अशी बेंच मेमोत ओळ टाका.

मोंढा_रोड

सगळ्यांचे आभार. तारीख 12 ऑगस्ट केली. हमाल, कोयता, मोबाइल घातला. मोबाइल जप्त पण निशाणी नाही, हे वरच्या उत्तरातून उचललं. दुसरा शनिवार धरलाय. परिशिष्टांचा मसुदा खाली_सही सरांना पाठवलाय, एकदा नजर टाका.

खाली_सही

पाहिला. जप्ती पंचनाम्यात पेनड्राइव्ह 16 जीबीचा आहे आणि मुद्देमाल पावतीत 32 जीबीचा. मुद्दाम ठेवलं असेल तर बेंच मेमोत त्याचं उत्तर लिहा. चुकून झालं असेल तर आजच बदला, नाहीतर सगळे अपीलकर्ते प्रमाणपत्र सोडून यावरच रिबटल करतील.

मोंढा_रोड

चुकून. बदलतो.