पाणकासवाचे कवच मऊ पडले आहे, सल्ला हवा

विचारणा (सावंतवाडी)
नमस्कार मंडळी. भाच्याची बदली झाल्याने त्याचे तळहाताएवढे कासव आता आमच्याकडे आहे. त्याच्या डोळ्यांमागे लाल पट्टा आहे. काचेची टाकी खिडकीशी ठेवली असून ते सुका जवळा आवडीने खाते. मात्र कवचाची कड बोटाने दाबली असता दबते. काय बदलावे? पाऊस सरल्यावर ते मोती तलावात सोडावे, असे घरचे म्हणतात.

प्रतिसाद (रत्नागिरी)
हे रेड-इअर्ड स्लायडर, मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी खोऱ्यातले. कवच मऊ पडण्याचे नेहमीचे कारण म्हणजे कॅल्शियम आणि ड-३ जीवनसत्त्व यांची कमतरता. हे जीवनसत्त्व त्वचेत तयार होण्यासाठी लागणारे अतिनील-ब (यूव्हीबी) किरण काच अडवते, त्यामुळे खिडकीतल्या उन्हाचा त्यासाठी उपयोग होत नाही. त्यातच आपल्याकडे जूनपासून आभाळ भरलेले असते, तेव्हा यूव्हीबी दिवा घ्यावाच, आणि त्याखाली अंग पूर्ण कोरडे होईल असा दगड ठेवावा. दगडावर ३० ते ३५ अंश, पाण्यात २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान असावे. त्याआधी सरीसृपांची माहिती असलेल्या पशुवैद्याला मात्र दाखवा. आजार वाढला असेल तर नुसत्या दिव्याने भागत नाही.

तलावात कृपया सोडू नका. मादी २५ सेंटिमीटरपेक्षा मोठी होते, अनेक दशके जगते, आणि अन्न व ऊन खाण्याच्या जागा यांसाठी आपल्या काळ्या पाणकासवांशी स्पर्धा करते. शिवाय घरातला रोग तळ्यात जाण्याचा धोका आहेच. सांभाळणे अशक्य झाले, तर वन विभागाला विचारून पुढचे ठरवावे.

प्रतिसाद (मालवण)
वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. आहाराविषयी थोडे सांगतो. नुसत्या जवळ्यावर ठेवू नका. कासवांसाठीचे दाणेदार खाद्य मुख्य ठेवून शेवग्याचा पाला आणि लाल भोपळ्याचा कीस द्यावा, कारण वय वाढते तसे हे कासव अधिकाधिक पालेभाजी खाऊ लागते. पालक आणि अळू टाळावे, त्यांतले ऑक्झलेट हे द्रव्य कॅल्शियम बांधून ठेवते. किनाऱ्यावर वाहून येणारे समुद्रफेन, म्हणजे माकुलाचे हाड, कॅल्शियमसाठी उत्तम. गोड्या पाण्यात बरेच दिवस भिजवून मीठ काढावे, पाठीचा टणक पापुद्रा सोलावा आणि तुकडा टाकीत सोडावा. हे कासव पाण्यातच गिळते, म्हणून खाद्य दगडावर ठेवू नये.

टाकीचे पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतू नका आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवा. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात, आणि लहान मुलांना त्यांचा त्रास अधिक होतो.