घरी राहून बी.कॉम. आणि पुढे सीए, सीएमए, सीपीए : कोकणातल्यांनी आपले अनुभव लिहा

आज १ जुलै. १९४९ साली याच दिवशी सनदी लेखापालांची, म्हणजे सीएंची संस्था आयसीएआय स्थापन झाली.

काल संध्याकाळी शेजारची मुलगी पावसात भिजत आमच्या पडवीत आली. बारावी कॉमर्स झालेली. वडील गेल्या वर्षी गेले, आता आई आणि आंब्याची कलमं दोन्ही तिच्याकडे. तिने विचारलं, "ताई, ऑनलाइन बी.कॉम. केलं की मी सीए होईन ना?" तिच्याशी तासभर बोलले. ती गेल्यावर लक्षात आलं की मला फक्त माझीच वाट ठाऊक आहे. म्हणून हा धागा. कुठून शिकलात, घरचं कसं सांभाळलंत, कुठे अडलात, सगळं लिहा. ती हे वाचणार आहे.

सुरुवात मी करते. पदवी विद्यापीठ देतं, सीए आयसीएआय करते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारावीनंतर गेलात तर फाउंडेशन, इंटर, फायनल अशा तीन पायऱ्या. कॉमर्सच्या पदवीला ५५ टक्के असतील तर फाउंडेशन न देता थेट इंटरला नाव नोंदवता येतं. इतर शाखांना त्यासाठी ६० टक्के लागतात.

मी पावसजवळची. आमची चाळीस कलमं. बाबा वाशीला पेट्या पाठवायचे आणि काही दिवसांनी दलालाची पट्टी यायची : इतक्या पेट्या, हा दर, त्यातून गाडीभाडं, हमाली, दलाली वजा, हाती एवढे. पट्टी मोठ्याने वाचायचं काम माझं. मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करताना कन्साइनमेंटचं प्रकरण आलं आणि मी पुस्तक हातात घेऊन तशीच बाबांकडे गेले. पुस्तकातलं 'अकाउंट सेल्स' म्हणजे आमची पट्टीच होती! पेटीत दोन-चार फळं डागी निघणारच, ते नेहमीचं नुकसान, ते उरलेल्या मालाच्या किमतीत मुरतं. घाटात ट्रक कलंडला तर ते वेगळं, ते स्वतंत्र दाखवायचं. बाबा हे शाळेत न जाता करत होते. मला पदवीला ६१ टक्के मिळाले, थेट इंटरला गेले, तिथे पेपरांचे दोन ग्रुप असतात, दोन्ही मिळून चार अटेम्प्ट लागले. आता तुम्ही.

देवगड तालुका, वय २५

ताई, ते ५५ टक्क्यांचं ठळक अक्षरात लिहा. मला ५३ पडले. शेवटच्या वर्षी "पास झालं म्हणजे पुरे" असं समजून मी दोन पेपर अंगावर काढले होते आणि त्या दोन टक्क्यांनी मला फाउंडेशनला बसवलं. चार पेपर, प्रत्येकात किमान ४० आणि एकूण ५० टक्के. गणित आणि अर्थशास्त्राचे पेपर पर्यायी प्रश्नांचे, चुकलं की पाव गुण जातो. पहिल्या वेळी मला चारही पेपरांत चाळिशीच्या वर होते, पण एकूण ४७ टक्के. म्हणजे नापास. अंदाजाने गोळे काळे केले होते, ते नडलं.

मराठी माध्यमातल्या मुलांसाठी अजून एक. आयसीएआयची परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही. मी एक दोन रकान्यांची वही केली. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे आपला : ऋणको, धनको, तारण, तेरीज, घसारा. अर्थ मला सगळे ठाऊक होते, फक्त त्यांची दुसरी नावं पाठ करायची होती. असं पाहिल्यावर भीती बरीच गेली.

आयसीएआयच्या अभ्यास मंडळाचे ऑनलाइन लाइव्ह क्लास फुकट असतात, मी त्यांवरच शिकले. आमच्या घरात रेंज नाही, त्यामुळे सकाळी सातला सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर जायचं. आजी रोज विचारायची, "चेडवा, सड्यार एकटा खंय जातंस? थंय किरडां असतत." किरडां म्हणजे साप. मग ती स्वतःच काठी घेऊन सोबत येऊ लागली आणि माझा क्लास संपेपर्यंत काजूच्या सावलीत बसून राहायची. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात खांब पडले, कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हापासून आठवड्याचे क्लास बाजारातल्या आत्याकडे जाऊन मोबाइलवर उतरवून ठेवते. आता इंटरचा एक ग्रुप झालाय.

दापोली, वय ३९

मी सीए नाही. मुलगा पाचवीत गेल्यावर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून मराठीत बी.कॉम. केलं. पुढे सीएमए, म्हणजे खर्चाच्या हिशोबाचा व्यावसायिक कोर्स निवडला, कारण पदवीवर त्यांच्या इंटरला थेट जाता येतं. आठ पेपर, दोन ग्रुप. एक ग्रुप निघालाय. एका कर सल्लागारांकडे अर्धा दिवस जाते. जीएसटीचं विक्रीचं विवरण ११ तारखेपर्यंत, ३बी म्हणजे कर भरायचं विवरण २० तारखेपर्यंत, त्यामुळे महिन्याचे ते दहा दिवस घरी स्वयंपाक सासूबाई बघतात. पगार मोठा नाही, पण माझ्या नावावर जमा होतो. सीए झालं नाही तर सगळं फुकट, असं त्या मुलीला कुणी सांगू नका.

नाव-गाव नको

माझे पैसे गेले, म्हणून लिहितोय. जिल्ह्याच्या ठिकाणी एका केंद्राने "एका वर्षात बी.कॉम., परीक्षा घरून" असं सांगून फी घेतली. कागद मिळाला, चकचकीत होता. पुढच्या प्रवेशासाठी तो दाखवला तेव्हा कळलं की त्या विद्यापीठाला दूरस्थ किंवा ऑनलाइन कोर्स चालवायची मान्यताच नव्हती. वर्ष गेलं, आणि आईची पाटली गेली.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरस्थ शिक्षण ब्युरोच्या, म्हणजे डीईबीच्या पोर्टलवर कोणत्या विद्यापीठाचा कोणता कोर्स कोणत्या सत्रासाठी मान्य आहे, ते दिलेलं असतं. नुसतं विद्यापीठाचं नाव पाहू नका, तुमचा कोर्स आणि तुमचं वर्ष पाहा. आता प्रवेशापूर्वी त्याच पोर्टलवर स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो. तो न मागता कुणी फी मागत असेल तर उठून या. आणि मान्य विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीचीच असते, हे यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. नातेवाईक काहीही म्हणोत. मी आता इग्नूतून पुन्हा पहिल्या वर्षाला आहे.

चिपळूण, वय २८, सीए

थिअरी घरी होते, आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या ऑफिसातली उमेदवारी, घरी होत नाही. माझी तीन वर्षांची होती. जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत ती दोन वर्षांची झाली आहे आणि इंटरचे दोन्ही ग्रुप सुटल्यावरच सुरू होते.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा मी आर्टिकल होतो. आमचं ऑफिस तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर फाइलींचा लगदा, त्यावर बोटभर चिखल. सर काही न बोलता खुर्चीवर बसले. मग आम्ही दोरी बांधून व्हाउचर वाळत घातली. शाई पसरलेली, पण काही आकडे वाचता येत होते.

एक हार्डवेअरचे दुकानदार आले. माल गेला, बिलं गेली, कॉम्प्युटर गेला. विम्याचा दावा करायचा तर पुराच्या दिवशी दुकानात किती माल होता हे दाखवायला हवं. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "आता कशावरून सांगू?" मी इंटरला 'मालाच्या नुकसानीचा विमा दावा' हे प्रकरण दहा वेळा सोडवलं होतं. मार्चअखेरचा साठा, त्यात पुरापर्यंतची खरेदी मिळवायची, विक्रीतून नेहमीच्या नफ्याचं प्रमाण काढून विकलेल्या मालाची किंमत काढायची, ती वजा केली की उरेल तो साठा. परीक्षेत सगळे आकडे प्रश्नातच दिलेले असतात. इथे एकही आकडा हातात नव्हता. खरेदी जीएसटी पोर्टलवरच्या २ए मधून काढली, कारण माल देणाऱ्यांनी भरलेली बिलं तिथे आपोआप दिसतात. विक्री आधी भरलेल्या विवरणांतून. पुराआधीच्या तीन आठवड्यांची विक्री मात्र अजून कुठेच भरलेली नव्हती, ती बँकेच्या उताऱ्यावरून आणि दुकानदारांच्या पुतण्याच्या मोबाइलमधल्या बिलांच्या फोटोंवरून जुळवली. कोल्हापूर-पुण्याच्या व्यापाऱ्यांना फोन करून खातेउतारे मागवले, आणि मागितले तेवढे सगळे आले. एकाने तर "आधी घर सावरा, आमचे पैसे नंतर बघू" असंही लिहून पाठवलं.

साठ्याचा आकडा जुळला त्या दिवशी मी समाधानात होतो. मग सरांनी मला जीएसटी कायद्याचं कलम १७(५) वाचायला लावलं. माल नष्ट झाला की त्यावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, परत करावं लागतं. म्हणजे ज्यांचा माल वाहून गेला त्यांनाच पुन्हा कर भरा म्हणून मी सांगायचं. मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, चहा प्यायला थांबले, गेले. ते कलम मला आजही अन्यायाचं वाटतं. पण दाव्यात आणि विवरणात एकच आकडा असायला हवा, आणि ते त्यांना वेळेत सांगणं हेच माझं काम होतं.

हे कुठल्याही व्हिडिओत मला मिळालं नसतं. त्या मुलीला सांगा, अभ्यास पडवीत बसून कर, पण आर्टिकलशिपला असं ऑफिस शोध जिथे गिऱ्हाईक समोर येऊन बसतं.

कुडाळ, वय ३१

मी सीपीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सीएसारख्या परीक्षेच्या वाटेने गेले. तिथे चार पेपर, प्रत्येक चार तासांचा, पास व्हायला ७५ गुण. जानेवारी २०२४ पासून तीन पेपर सक्तीचे आणि चौथा आपण तीनांतून निवडायचा. परीक्षा मुंबईत देता येते, मी तुतारी एक्स्प्रेसने जाऊन दिली.

खरी अडचण क्रेडिटची. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत परीक्षेला बसायला १२० क्रेडिट (शिक्षणाचे मोजलेले गुणांक) लागतात, आणि आपली तीन वर्षांची पदवी मोजून घेतली की अनेकदा कमी भरते. मला त्यासाठी एम.कॉम. करावं लागलं. परवान्याच्या अटी राज्यागणिक वेगळ्या आहेत, त्यामुळे आधी राज्य ठरवा, मग फी भरा. आणि सीपीए झालं म्हणून भारतात ऑडिटवर सही करता येत नाही, तो अधिकार इथल्या सीएचाच. मी घरून अमेरिकन कंपन्यांची पुस्तकं बघते. रात्रीची पाळी असते. आई पहाटे पेज ठेवते, ती पिऊन झोपते.

हर्णै, मुलीचे वडील

मला यातलं शास्त्र कळत नाही. माझी बोट आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्या दोन महिन्यांत मी घरी, म्हणून तेव्हा जेवणखाण, पाणी, बाजार सगळं माझ्याकडे आणि माडीवरची खोली मुलीच्या अभ्यासाला. गेल्या वर्षी तिने आमच्या फेऱ्यांचा हिशोब लिहायला घेतला. डिझेल, बर्फ, शिधा वजा जाता मालकाचा वाटा, तांडेलाचा (बोट चालवणाऱ्याचा), खलाशांचा. पूर्वी हिशोबाच्या दिवशी हमखास आवाज चढायचे. आता ती कागद सगळ्यांसमोर ठेवते, ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवते. परवा एक खलाशी मला म्हणाला, "शेठ, पोरीला शिकवा, मधे थांबवू नका." थांबवणार नाही.

धागा काढणारी

सगळं वाचलं, हर्णैच्या दादांचं दोनदा. त्या मुलीला सकाळी बोलावलंय. बारावीची गुणपत्रिका आणि आधारकार्ड घेऊन ये म्हटलं. आधी पोर्टलवर कोर्स तपासू, मग तिचा डीईबी आयडी काढू. देवगडच्या मुली, तुझ्या वहीची दोन-चार पानं फोटो काढून पाठवशील का? आमच्या माडीवर रेंज चांगली आहे, सकाळचे क्लास ती इथेच बसून बघेल. तिच्या आईशी मी आज रात्री बोलते.