शास्ता डेझीचा गड्डा मधूनच वाळलाय, आत्ता फोडू की मार्चपर्यंत थांबू?

नमस्कार मंडळी,

मी मध्य न्यू जर्सीत राहते. घर घेतलं तेव्हा ड्राइव्ह-वेच्या कडेला शास्ता डेझीचा भलामोठा गड्डा आयता मिळाला. जात कुठली, कल्पना नाही. उंची कमरेएवढी, एकेरी पांढरी फुलं, चांगली तीन-साडेतीन इंचांची. जुलैभर नुसता बहर असतो. (फुलदाणीत ठेवायच्या भानगडीत पडू नका, न धुतलेल्या मोज्यांसारखा वास येतो.)

यंदा मात्र मधोमध टक्कल पडलंय. फुटवे आहेत ते सगळे कडेने, गोल रिंगणात. फुलंही कमी आली आणि वादळी पावसात दांडे आडवे झाले ते उठलेच नाहीत. माती चिकण आहे, ऊन भरपूर. सप्टेंबर नुकताच लागलाय, तर आत्ता गड्डा फोडला तर चालेल का? आणि पुण्यात आईला ही फुलं फार आवडली आहेत, तिच्यासाठी बी धरून ठेवू का?

– रानजाई

---

मातीमाखी: मधला भाग हाताने चाचपून बघा. सुका, काटकीसारखा असेल तर वयाचा परिणाम. काळा, मऊ आणि कुजकट वासाचा असेल तर बुंधा सडतोय. दोन्हींचे उपाय वेगळे.

रानजाई: आत्ताच बघून आले. मध्ये सुकं, लाकडासारखं आहे. पण पन्हळीचं पाणी जिथे पडतं त्या बाजूचे दोन-तीन फुटवे काळे पडलेत, ओढल्याबरोबर हातात आले.

मातीमाखी: म्हणजे दोन्ही आहे! आधी पन्हळीचं तोंड दुसरीकडे वळवा. ही डेझी थंडीला घाबरत नाही, हिवाळ्यात बुडाशी साचलेल्या पाण्याने मरते. काळे फुटवे कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको.

गड्डा आत्ताच फोडा. जमीन गोठायच्या आधी मुळं धरायला पाच-सहा आठवडे मिळाले म्हणजे झालं, तेवढे तुमच्याकडे आहेत. आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या. दांडे कापून टाका, बुडाची पानं तेवढी ठेवा. मग फावड्याने भोवतीने खणून अख्खा गड्डा उचला. मधला लाकडी भाग फेकून द्यायचा, जीव गुंतवायचा नाही. कडेचे तीन-चार फुटवे मुळांसकट एकत्र राहतील असे तुकडे करा आणि दीड-दोन फुटांवर लावा. बुंधा आधी होता त्याच पातळीला हवा, मातीखाली गाडला की पुन्हा सडणार. हे दर दोन-तीन वर्षांनी करावंच लागतं, या झाडाचा स्वभावच तो.

दांडे पडतात त्याबद्दल: लॉनला घालता ते नायट्रोजनवालं खत इथपर्यंत येतंय का? त्याने पाला माजतो आणि दांडा लुळा पडतो. शिवाय मे महिन्यात शेंडे एक तृतीयांश छाटून बघा. बहर थोडा उशिरा येईल, पण झाड बुटकं आणि भरगच्च होईल.

कॅलिफोर्नियाकर: वर्णनावरून 'बेकी' जात वाटते. साधारण तीन फूट उंच, जुलैत फुलणारी. 2003 साली अमेरिकेतल्या बहुवर्षायू झाडांच्या संघटनेने तिला वर्षाचं झाड म्हणून निवडलं होतं. पण बी धरू नका. शास्ता मुळात संकरित. ल्यूथर बरबँकने आमच्याकडे सांता रोझात युरोपातल्या डेझी आणि शेवटी एक जपानी डेझी यांचे संकर सतरा वर्षं करून 1901 साली ती बाजारात आणली, बर्फाच्छादित माउंट शास्ताचं नाव देऊन. घरच्या बियांतून मूळ झाडासारखंच झाड येईल याची खात्री नाही.

पेठेतली कुंडी: पुण्याबद्दल माझं मत: आईंना आशेला लावू नका. बियांपासून केलेलं रोप सहसा दुसऱ्या वर्षी फुलतं, म्हणजे मध्ये एप्रिल-मेचा उन्हाळा आणि पाठोपाठ अख्खा पावसाळा काढायचा. त्यात ही डेझी दिवस मोठा झाला की कळ्या धरते, आणि आपल्याकडे दिवस मोठा होतो तेव्हा पारा चाळिशीत! शेवंतीचं बरोबर उलटं, दिवस लहान व्हायला लागला की तिला कळ्या येतात. पांढरी एकेरी शेवंती कुंडीत लावून द्या. नर्सरीत थंडीत तयार डेझी दिसली तर खुशाल घ्या, पण एका हंगामाची पाहुणी म्हणून.

रानजाई: सगळ्यांचे आभार. लॉनचं खत येतंय खरं, माणूस यंत्राने फवारतो ते कडेपर्यंत उडतं. त्याला सांगते. पन्हळीला जोडायला नळी आणली आहे, शनिवारी गड्डा काढते. अंदाजे आठ-दहा तुकडे निघतील आणि माझ्याकडे चारचीच जागा आहे. एडिसनच्या आसपास कोणाला हवे असतील तर इथेच कळवा, रविवारपर्यंत ओल्या गोणपाटात सावलीला ठेवते.