मदत हवी आहे: मुलाचा हात तांब्यात अडकलाय, निघतच नाहीये

जाईजुई (संध्याकाळी ६.४०)
मुलाचा हात तांब्यात अडकलाय. अर्धा तास झाला. खोबरेल तेल लावलं, साबण लावला, ओढून बघितलं. निघत नाही. नवरा सेकंड शिफ्टला आहे, कंपनीत फोन बाहेर जमा करावा लागतो. इथे नाशिकला, इंदिरानगरला धो धो पाऊस आहे. कोणाला असा अनुभव असेल तर प्लीज लवकर सांगा. तांब्या कापायचा नाहीये.

पंचवटीकर (६.४४)
मुलगा केवढा? तांब्या कसला, तांब्याचाच, पितळी की स्टीलचा? तोंड किती रुंद? ताई, काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

जाईजुई (६.४६)
साडेतीन वर्षांचा. पितळी. तोंड नेहमीच्या तांब्याएवढं. आता सांगा ना काहीतरी.

दोनमुलांचीआई (६.४७)
रडतोय का? आणि हातात वाळा, मनगट्या असं काही आहे का? माझ्या धाकट्याचा असाच हात बरणीत गेला होता, तेव्हा वाळाच आडवा झाला होता आतल्या आत.

जाईजुई (६.४९)
वाळा नाही. आणि रडत नाहीये हो, तेच तर कळत नाही! ओढलं की किंचाळतो, सोडलं की तांब्या घेऊन घरभर फिरतो. आत्ता खिडकीपाशी बसून तांब्याशी गप्पा मारतोय. मनगट मात्र लाल झालंय, माझा जीव थाऱ्यावर नाही.

सातपूरचाफिटर (६.५२)
सोपं आहे. तांब्याचं तोंड गरम करा. गरम पाण्यात फडकं बुडवून काठाला गुंडाळा. धातू गरम झाला की भोक मोठं होतं. आम्ही कंपनीत बेअरिंग शाफ्टवर चढवताना तेलात तापवून घ्यायचो, अलगद बसायचं. तीस वर्षं हेच काम केलंय.

विज्ञानशिक्षिका (६.५५)
काका, कृपा करून असं सांगू नका, लहान मूल आहे. भोक मोठं होतं हे बरोबर, पण किती? पितळ ५० अंशांनी तापवलं तरी हजार भागांत एक भागच वाढतं. सहा सेंटीमीटरचं तोंड असेल तर वाढणार अर्ध्या दहाव्या मिलिमीटरएवढं, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीहूनही कमी. तेवढ्यात पोराचं मनगट भाजेल, आणि ऊब लागली की हात आणखी सुजेल. गार करा, गरम नाही.

सातपूरचाफिटर (६.५७)
मॅडम, गार केलं तर तांब्या आवळेल. हे तरी मान्य आहे का?

विज्ञानशिक्षिका (६.५८)
आवळेल तोही तेवढाच, केसभरसुद्धा नाही. पण सूज गार पाण्याने नक्की उतरते. प्रश्न हाताचा आहे, धातूचा नाही.

रात्रपाळीसिस्टर (७.०१)
मी कॅज्युअल्टीत काम करते. जाईजुई, आधी ओढणं बंद करा. प्रत्येक ओढीला मनगट सुजतं आणि पुढचा प्रयत्न अवघड होतो. त्याला मांडीवर घ्या, हात छातीच्या वर राहील असा उचलून धरा, खाली उशी लावा, तांब्याचं वजन तुम्ही पेला. मनगटावर गार पाण्याचं फडकं. दहा मिनिटं घड्याळ लावून. बर्फ थेट लावू नका. मनगट निळं पडलं, बोटांना मुंग्या येतात म्हणाला किंवा दुखून रडायला लागला तर इथे काही विचारत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. रिक्षा मिळाली नाही तर १०८.

आग्रारोड (७.०२)
नखं दाबून बघा, पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत परत गुलाबी झालं पाहिजे.

रात्रपाळीसिस्टर (७.०३)
नखं तांब्याच्या आत आहेत दादा.

देवळालीकॅम्प (७.०४)
१०१ ला फोन करा. अग्निशमनवाले नुसती आग विझवत नाहीत, अडकलेलं काहीही सोडवतात. घरात ग्राइंडर चालवायचा प्रयत्न कोणी करू नये. पितळ तापतं, पातं सटकतं. आणि ताई, तांब्या कापायचा नाही म्हणजे काय? मुलापेक्षा तांब्या मोठा आहे का?

जाईजुई (७.०८)
मांडीवर घेऊन बसलेय, एका हाताने टाइप करतेय. मुलापेक्षा तांब्या मोठा असं मी कुठेच म्हटलं नाही. हा सासूबाईंच्या लग्नातला, १९७८ सालचा. त्यांच्या वडिलांनी भांडी बाजारातून आणला होता. ते आता नाहीत, वडिलांची ही एकच वस्तू सासूबाईंकडे उरलीय. सासूबाई समोर बसून रडतायत. त्याच म्हणाल्या, कापून टाक, पोराचा हात आधी. म्हणून मलाच कापायचा नाहीये.

पंचवटीकर (७.११)
तेव्हाची भांडी म्हणजे हाताने ठोकलेली. आमचं जुनं घर तांबट लेनजवळ होतं. सकाळी शाळेला जाताना ठोक्यांचा आवाज यायचा, दोन घरं पुढे गेलं तरी कानात राहायचा. पत्रा असा जाड की पडला तरी पोचा येत नसे. आताच्या भांड्यांना तो नाद नाही.

देवळालीकॅम्प (७.१२)
पंचवटीकर, पोराचा हात अडकलाय.

कासारीणकाकूंचीसून (७.१४)
बांगड्या भरतात तसा काढायचा हात. माझ्या सासूबाई रविवार कारंजाजवळ बांगड्या भरायच्या, लहान मापाची बांगडी जाड हातात चढवायच्या आणि बाईला कळायचंही नाही. युक्ती अंगठ्याची आहे. अंगठा तळहातात दुमडायचा, चारी बोटं सरळ, एकमेकांना चिकटलेली. हाताचा सगळ्यात रुंद भाग म्हणजे बोटांची मुळं. ती आत दबली की हात निमुळता होतो. मग ओढायचं नाही, तांब्या हळूहळू फिरवत मागे घ्यायचा. तेलापेक्षा भांड्यांचं लिक्विड जास्त निसरडं असतं. मनगटावरून आत ओघळू द्या.

नवीनबाबा (७.१५)
आमच्या मुलीने गॅलरीच्या गजात डोकं घातलं होतं. आम्ही तासभर डोकं मागे ओढत होतो. शेजारच्या आजोबांनी तिला आडवी धरून अख्खी पलीकडे काढली. डोकं गेलं म्हणजे अंग जातंच. गॅलरीला जाळी नक्की लावून घ्या.

जाईजुई (७.१८)
आमच्या गॅलरीला जाळी आहे. कासारीणकाकूंचीसून, तुमचं पटलं. लिक्विड घातलं, सूजही जराशी उतरलीय. पण तो बोटं सरळच करत नाही! आत मूठ घट्ट आवळलेली आहे. "सोड रे" म्हटलं की मान हलवतो.

आईआजीपणजी (७.२०)
अगं बाळा, मुठीत काय आहे ते विचारलंस का त्याला?

जाईजुई (७.२१)
तांब्या रिकामाच होता. अंगणातल्या कट्ट्यावर घासून ठेवला होता.

आईआजीपणजी (७.२२)
घासला तेव्हा रिकामा होता. तो गप्पा कोणाशी मारतोय? रागावू नकोस, त्याच्या कानाशी जाऊन हळू विचार.

जाईजुई (७.२७)
गोगलगाय!! कट्ट्यावरून उचलून त्याने तिला तांब्यात ठेवली, "पावसात भिजत होती म्हणून". मग आत अंधार आहे, ती घाबरेल म्हणून तिला हातात धरून बसलाय. सोडली तर ती एकटी पडेल म्हणतो. सव्वा तास मी त्याचा हात ओढतेय आणि तो गोगलगाय सांभाळतोय. मला रडूच आलं. आता त्याला मूठ उघडायला कसं लावू? चॉकलेट, कार्टून, सगळं दाखवून झालं.

शिस्तहवीच (७.२९)
एक धपाटा घाला, उघडेल मूठ. आम्हाला असंच वाढवलं.

दोनमुलांचीआई (७.३०)
धपाटा घातला तर मूठ आणखी आवळेल, आणि ती गोगलगायही चिरडेल. साडेतीन वर्षांचं लेकरू दुसऱ्या जिवाची काळजी करतंय, त्याला मारायचं?

आग्रारोड (७.३१)
आत थोडं मीठ टाका, गोगलगाय आक्रसून जाते.

रात्रपाळीसिस्टर (७.३१)
अजिबात नको! ओढून ओढून कातडी सोलवटली असेल, मिठाने केवढी आग होईल. आणि त्याच्या हातात ती मेली तर?

निफाडचाबागायतदार (७.३५)
शंखी गोगलगाय दिसते. ताई, ही लय वाईट जात. एका वेळी शंभराच्या वर अंडी घालते. सोयाबीन उगवलं की कोवळी रोपं रातोरात फस्त, भाजीपाल्याचं तेच. दिवसा दडून बसते, अंधार पडला की नाहीतर ढगाळ झालं की बाहेर. आम्ही गुळाच्या पाण्यात पोती भिजवून संध्याकाळी बांधाला टाकतो. गुळाच्या वासाने सगळ्या पोत्याखाली गोळा होतात, सकाळी वेचून साबणाच्या पाण्यात टाकायच्या. अंगणात एक दिसली म्हणजे आणखी असणार. कुंड्यांच्या खाली बघा.

देवळालीकॅम्प (७.३७)
साहेब, इथे शेतीचा धागा नाहीये.

निफाडचाबागायतदार (७.३८)
मी कामाचंच सांगितलं. सगळ्यांच्या उपयोगी पडेल.

आईआजीपणजी (७.४०)
पडलंच उपयोगी! जाई, घरात गूळ आहे ना? खडा ताटलीत ठेव, दोन थेंब पाणी घाल, ताटली तांब्याच्या तोंडाशी धर. त्याला सांग, तिला भूक लागलीय, तिला गूळ आवडतो, पण तू मूठ धरलीस तर ती जेवायला कशी येणार? हात तिचा दरवाजा अडवतोय. खोटं नाही सांगायचं, हे खरंच आहे. घाई करू नकोस.

जाईजुई (७.५८)
निघाला. निघाला हो निघाला!

गुळाची ताटली बघितल्यावर बराच वेळ विचार केला त्याने. मग तांब्याला तोंड लावून म्हणाला, "मी जातो, तू ये हं मागून." मी त्याचा अंगठा बाहेरूनच दाबून आत वळवला. सासूबाई तांब्या धरून जातं फिरवावं तसा हळूहळू फिरवत होत्या. एकदा अडकला, तो "आई गं" म्हणाला, आम्ही थांबलो. दुसऱ्यांदा पुचुक असा आवाज झाला आणि हात बाहेर! तेल, साबण, लिक्विड आणि गोगलगाईचा चिकटा, सगळं कोपरापर्यंत. मनगटाभोवती लाल कडं उमटलंय, पण बोटं सगळी हलवतोय.

सगळ्यांचे खूप खूप आभार. तुम्ही नसतात तर मी अजूनही ओढतच बसले असते.

रात्रपाळीसिस्टर (८.००)
देवच पावला. आता हात साबणाने दोन-तीनदा धुवा, नखांतूनही. ती बोटं तोंडात जाऊ देऊ नका, या गोगलगाईंतून जंताचा संसर्ग होऊ शकतो. झोपायच्या आधी एकदा मनगट बघा. सूज वाढली किंवा सकाळी हात वापरायला टाळला तर डॉक्टरांना दाखवून घ्या.

सातपूरचाफिटर (८.०३)
छान झालं. फिरवत काढायचं हे मीही सांगणार होतो. फिट बसलेलं काहीही सरळ ओढून निघत नाही.

विज्ञानशिक्षिका (८.०४)
हे मात्र शंभर टक्के मान्य, काका.

पंचवटीकर (८.०६)
तांब्याला पोचा नाही ना आला?

जाईजुई (८.१५)
नाही. सासूबाई चिंच लावून घासतायत. देवघरात नको, आता तो बाळाचाच म्हणाल्या. हात धुतले, मनगटाला खोबरेल लावलंय.

पण गोगलगाय अजून बाहेर आली नव्हती. हा ताटलीसमोर पालथा पडून वाट बघत होता, जेवायला उठेना. आत्ता आधी एक शिंग दिसलं, मग दुसरं. माझ्याकडे बघून तोंडावर बोट ठेवून "शूऽऽ" केलं त्याने. निफाडच्या दादांना एकच विचारायचंय, तिला नक्की कुठे सोडू? साबणाच्या पाण्याचं त्याच्यासमोर नाव काढता येणार नाही.