त्सुमेबचा डायोप्टेज: खरा कसा ओळखायचा, कॅल्साइट कसा काढायचा?

हिरवाखडा: पांढऱ्या कॅल्साइटवर (चुनखडीतलं खनिज) ६ ते ८ मिमीचे गर्द हिरवे स्फटिक, चिठ्ठीवर 'डायोप्टेज, त्सुमेब, नामिबिया'. डायोप्टेज म्हणजे तांब्याचं हिरवं खनिज. सोबत एक सुटा स्फटिक आहे. हा पाचू किंवा आपल्याकडचा, दख्खनच्या बेसॉल्टमधला हिरवा अपोफिलाइट नाही, हे घरी कसं तपासायचं? काही स्फटिक कॅल्साइटात अर्धे बुडालेले आहेत. व्हिनेगरने मोकळे होतील का?

गारगोटी: आधी टोकं बघा. पाचूचा षट्कोनी खांब बहुधा सपाट कापल्यासारखा संपतो, डायोप्टेजच्या टोकाला तीन तिरकी पृष्ठं मिळून बोथट शेंडा होतो. अपोफिलाइट चौकोनी घडणीचा, शिवाय त्याला एकाच दिशेने पाटन (ठरावीक दिशेने सपाट फुटण्याचा गुण) आणि त्या पृष्ठावर मोत्यासारखी चमक. मग मागून प्रकाश टाकून १०× भिंगातून स्फटिकाच्या बाजूने आत पाहा. डायोप्टेजचं द्विअपवर्तन (एक प्रकाशकिरण दोनांत फुटण्याचं माप) ०.०५ च्या आसपास, त्यामुळे आतल्या भेगा दुहेरी दिसतात. पाचूत ते ०.००६ च्या आसपास, म्हणून दिसत नाहीत. खांबाच्या लांबीच्या दिशेने पाहिलंत तर मात्र डायोप्टेजमध्येही भेग एकेरीच दिसेल.
चाकूने ओरखडून बघू नका. मोहस मापावर काठिण्य ५ असलं तरी तीन दिशांनी उत्तम पाटन आहे, कपची सहज उडते.

तराजू: सुटा स्फटिक आहे तर घनताच काढा, ती निर्णायक ठरेल. ०.०१ ग्रॅमचा काटा लागेल. आधी कोरडं वजन घ्या. मग पाण्याची वाटी काट्यावर ठेवून काटा शून्य करा आणि स्फटिक बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून लटकता धरा. जो आकडा वाढेल त्याने कोरड्या वजनाला भागा. १.३१ ग्रॅमच्या स्फटिकाला ०.४० आलं तर घनता ३.२८, म्हणजे डायोप्टेज. पाचू २.७ च्या आसपास, अपोफिलाइट २.३ ते २.४. स्फटिक तळाला टेकला की आकडा फुगतो आणि घनता कमी येते. हवेचे बुडबुडे चिकटले तरी तेच. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका. अर्ध्या ग्रॅमहून लहान स्फटिकावर या काट्याचा भरवसा धरू नका.

ताम्रपट: व्हिनेगरबद्दल माझं मत स्पष्ट 'नको' असं आहे. डायोप्टेज हे तांब्याचं जलयुक्त सिलिकेट, वजनाने सुमारे ४० टक्के तांबं. हायड्रोक्लोरिक आम्लात ते विरघळून सिलिकाची जेली उरते. सौम्य ॲसिटिक आम्ल (व्हिनेगरमधलं) वापरणारे आहेत, पण फार वेळ ठेवलं तर पृष्ठाची झळाळी जाण्याचा धोका असतो आणि गेलेली झळाळी परत येत नाही.
कॅल्साइटचं काठिण्य ३. भिंगाखाली सुईने, स्फटिकापासून दूर, कणाकणाने कोरा. पाचर मारू नका: कॅल्साइट स्वतःच्या पाटनावर फुटतो आणि स्फटिकाला सोबत नेतो. शेवटचा मिलिमीटर राहू द्या. धुताना डिस्टिल्ड पाणी आणि मऊ ब्रश पुरे. अल्ट्रासॉनिक सफाई, वाफ, उष्णता पूर्ण वर्ज्य.

हिरवाखडा: घनता ३.३ आली, भेगाही दुहेरी दिसल्या. हे इतकं दुर्मीळ का? दख्खनच्या बेसॉल्टमध्ये मिळत नाही?

ताम्रपट: नाही. तांब्याच्या सल्फाइड (गंधकयुक्त) धातुकाचा वरचा भाग हवापाण्याने ऑक्सिडीभूत होतो, तिथे हे बनतं, तेही मुख्यतः कोरड्या प्रदेशांत. पाण्यात कार्बोनेट भरपूर असेल तर तांबं सहसा मॅलकाइटमध्ये (तांब्याचं कार्बोनेट) जातं, सिलिका असली तरी बहुधा क्रायसोकोलाच (स्पष्ट स्फटिक नसलेलं तांब्याचं सिलिकेट) होतो. नीट स्फटिक क्वचितच बनतात. कझाकस्तानातलं अल्तिन-त्युबे, काँगो, ॲरिझोना ही इतर ठिकाणं. दख्खनच्या हिरव्या अपोफिलाइटचा रंग व्हॅनेडियमचा, तांब्याचा नव्हे.
त्सुमेबची खाण १९९६ मध्ये बंद झाली, म्हणून त्या नावाला भाव आहे. घनतेवरून खनिज कळतं, गाव कळत नाही. जुनी चिठ्ठी जपा. सुटे स्फटिक चिकटवलेलेही विकले जातात. अंधारात यूव्ही टॉर्च मारून बुडाशी बघा. कॅल्साइटही चमकू शकतो, पण फक्त स्फटिकाभोवती निळसर-पांढरी कड उजळली तर तो गोंद समजा.