एव्हॉन बार्क्सडेल पडद्यावर क्वचितच दिसतो, तरी म्होरक्या तोच का वाटतो?

धंतोलीवासी (प्रश्न)

नमस्कार. ‘द वायर’ या मालिकेतील एव्हॉन बार्क्सडेल या पात्राविषयी जाणकारांचे मत हवे आहे. मालिका २००२ ते २००८ या काळातील असल्यामुळे पुढील घटनांचा उल्लेख उत्तरांत आला तरी हरकत नाही.

बॉल्टिमोरच्या पश्चिम भागातील अमली पदार्थांचा धंदा ज्याच्या मुठीत आहे, तो हा माणूस पहिल्या पर्वात फार थोडा वेळ समोर येतो. तपास सुरू होतो तेव्हा पोलिसांकडे त्याचे साधे छायाचित्रही नसते; तो तरुणपणी मुष्टियोद्धा होता एवढ्या धाग्यावरून लेस्टर फ्रीमन एका जुन्या भित्तिपत्रकावरचा त्याचा चेहरा शोधून आणतो. रोजचा कारभार स्ट्रिंगर बेल पाहतो, हिशेब आणि बैठका त्याच्याकडे असतात, शिवाय तो अर्थशास्त्राच्या वर्गालाही जातो. असे असताना मालिका संपल्यावर म्होरक्या म्हणून मनात एव्हॉनच उरतो, स्ट्रिंगर नाही. आमच्या मित्रमंडळात यावरून दोन तट पडले आहेत. काहींच्या मते हा केवळ अभिनयाचा प्रभाव आहे. मला मात्र लेखनातच याचे काही कारण दडलेले असावे असे वाटते.

सिव्हिल लाइन्सचा वकील

आपल्या प्रश्नाचे उत्तर मला एव्हॉनच्या न दिसण्यातच सापडते. त्याच्या नावावर काही नाही, तो मालाला हात लावत नाही आणि मोटारीत बसल्यावर धंद्याविषयी एक अक्षरही बोलायचे नाही हा त्याच्या टोळीचा नियम पहिल्याच भागात त्याचा भाचा डिअँजेलो याला ऐकवला जातो. खालची मुले पेजरवर आकडे पाठवतात आणि सार्वजनिक दूरध्वनीवरून उलट फोन करतात. आकडेही सरळ नसतात, कळफलकावर पाचाच्या पलीकडचा आकडा घ्यायचा आणि पाच व शून्य यांची अदलाबदल करायची अशी त्यांची सांकेतिक रीत आहे. गुन्हा आणि गुन्ह्याचा धनी यांच्यामध्ये इतके अंतर उभे करणे हेच टोळीप्रमुखाचे मुख्य काम असते, आणि ते मालिकेने अचूक पकडले आहे. लेखकांपैकी एक जण त्याच शहरात पोलीस तपास अधिकारी होता आणि दुसरा तिथल्याच वृत्तपत्राचा बातमीदार, ही गोष्ट पानोपानी जाणवते.

आपल्याकडच्या वाचकांना पोलिसांच्या बाजूची धडपडही ओळखीची वाटेल. फोन ऐकण्याची परवानगी मिळवण्यासाठी तिथे न्यायाधीशांना पटवून द्यावे लागते की, तपासाचे इतर मार्ग वापरून झाले आहेत किंवा ते निष्फळ ठरतील. आपल्या १९९९ च्या मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यातही अर्जात हेच नमूद करावे लागते. फरक असा, की आपल्याकडे मंजुरी गृह विभागाच्या सचिव दर्जाच्या अधिकाऱ्याकडून मिळते आणि ती एका वेळी ६० दिवसांपेक्षा अधिक नसते. अमेरिकी संघराज्याच्या कायद्यात ही मर्यादा ३० दिवसांची आहे. तपासाशी संबंध नसलेले संभाषण कमीत कमी ऐकले जावे, हे बंधन दोन्हीकडे आहे. म्हणूनच मालिकेतील शिपाई छपरावर बसून त्या क्षणी फोनजवळ नेमके कोण उभे आहे याची नोंद करताना दिसतात. हे प्रसंग कंटाळवाणे आहेत असे म्हणणारे प्रेक्षक मला भेटले आहेत, पण माझ्या मते मालिकेचा कणा तिथेच आहे.

आणि एवढे सारे करून पहिल्या पर्वाच्या अखेरीस काय हाती लागते, ते पाहा. मालाची ने-आण करणाऱ्या डिअँजेलोला २० वर्षांची शिक्षा होते, तर ज्याच्यासाठी तो ती करतो त्या मामाला ७ वर्षांची. न्यायालयासमोर पुरावा म्हणून जेवढे आणता आले तेवढ्याचेच हे माप आहे. मकोकामध्ये टोळीच्या सततच्या बेकायदा कृत्यांसाठी मागील दहा वर्षांतील एकाहून अधिक आरोपपत्रे लागतात, परंतु ती प्रत्येक आरोपीवर स्वतंत्रपणे असावीत असे नाही, ती टोळीच्या संदर्भात असली तरी चालतात. ही तरतूद एव्हॉनसारख्या, स्वतःचे हात कोरडे ठेवणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवूनच झाली असावी असे मला नेहमी वाटते.

इतवारीकर

वकीलसाहेबांनी कायद्याची बाजू मांडली आहे. मी व्यापाराची मांडतो, कारण आमच्या घरात तीन पिढ्या घाऊक धंदा आहे आणि स्ट्रिंगरबद्दल मला मनापासून आस्था वाटते.

स्ट्रिंगरचा हिशेब चुकीचा नव्हता. चौक ताब्यात ठेवण्यासाठी माणसे मारली की पोलीस येतात आणि विक्री थांबते. त्यापेक्षा पूर्वेकडच्या प्रपोझिशन जोकडून चांगला माल घ्यावा, त्या बदल्यात त्याला आपल्या ताब्यातील काही मनोरे, म्हणजे विक्री चालते त्या उंच निवासी इमारती, वापरू द्यावेत, सगळ्यांनी मिळून एकत्र खरेदी करावी, हा कोणत्याही शहाण्या व्यापाऱ्याचा विचार आहे. हलका माल नवे नाव देऊन विकण्याची युक्तीही तो वर्गात शिकून आला होता. पण व्यापार उधारीवर आणि शब्दावर चालतो तो मागे पेढीची पत असते, बाजाराची मंडळी असतात आणि शेवटी कोर्ट असते म्हणून. इतवारीत एखाद्याने माल उचलून पैसे बुडवले, तर त्याला पुढच्या दुकानात कोणी उभे करत नाही. स्ट्रिंगरच्या धंद्यात करार मोडणाऱ्याला रोखणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे एव्हॉनची जरब, आणि नेमकी तीच त्याला जुनाट वाटत होती. इमारतींच्या व्यवहारात शिरल्यावर क्ले डेव्हिस हा सिनेटर परवानग्या मिळवून देण्याच्या नावाखाली त्याच्याकडून पैसे उकळतो, तेव्हा स्ट्रिंगर रागाने त्या सिनेटरचा खून करायला निघतो. त्या एका प्रसंगात हा माणूस दोन्ही बाजारांत परका आहे हे कळते. एव्हॉनला आपला बाजार कोणता हे पक्के ठाऊक आहे: त्याला चौक हवे आहेत, आणि तो तसे स्पष्ट सांगतो. म्हणून म्होरक्या तो.

महालकर

इतवारीकरांच्या जरबेच्या मुद्द्याला एक जोड द्यावीशी वाटते. तिसऱ्या पर्वात तुरुंगातून सुटून आलेला कटी एव्हॉनला सांगतो की, आता आपल्याच्याने हे काम होत नाही. एव्हॉन त्याला जाऊ देतो, इतकेच नाही तर त्याच्यामागे कोणी त्याला कमी लेखू लागले तेही खपवून घेत नाही. पुढे कटी मुलांच्या मुष्टियुद्धाच्या आखाड्यासाठी १० हजार डॉलर मागायला येतो, तेव्हा एव्हॉन १५ हजार देतो. स्ट्रिंगरने हा खर्च कोणत्या खात्यात टाकला असता हे मला सुचत नाही. माणसे एव्हॉनसाठी तुरुंगात जातात ती केवळ भीतीपोटी नव्हे.

जरीपटकावासी

महालकरांचा प्रसंग खरा आहे, पण त्यालाच धरून राहिले तर आपण एव्हॉनवर फार लवकर भाळतो असे मला वाटते. पहिल्याच भागात विल्यम गँट हा साधा कामगार न्यायालयात डिअँजेलोविरुद्ध साक्ष देतो आणि भाग संपता संपता रस्त्यावर मरून पडलेला दिसतो. खटला डिअँजेलोच्या बाजूने निकाली निघालेला असतानाही त्याला मारले जाते, म्हणजे हा खून पुढच्या साक्षीदारांसाठी असतो. महालकर ज्याला निष्ठा म्हणतात तिच्या पायाखाली गँटसारखी माणसे आहेत.

आमच्या भागात राहणाऱ्यांना हे दुरून पाहता येत नाही. कस्तुरबानगरमध्ये एका गुंडाने वर्षानुवर्षे दहशत बसवली होती, आणि ऑगस्ट २००४ मध्ये वस्तीतील बायकांच्या जमावाने त्याला जिल्हा न्यायालयाच्या आवारातच ठार केले. त्या घटनेविषयी कोणाचे मत काहीही असो, तक्रार करून उपयोग होत नाही ही भावना एखाद्या वस्तीत किती खोल जाऊ शकते हे नागपूरला माहीत आहे. मालिकेचा कॅमेरा मनोऱ्यांमधील आयांपाशी आणि आज्यांपाशी फार कमी थांबतो. माझी या मालिकेविषयीची मोठी तक्रार हीच आहे.

सिव्हिल लाइन्सचा वकील

जरीपटकावासी यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. गँटचे नाव न्यायालयात सर्वांसमोर उच्चारले गेले होते. मकोकामध्ये साक्षीदाराची ओळख गुप्त ठेवण्याची तरतूद आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता देऊन ती देशभर लागू केली. ती प्रत्यक्षात राबवण्यासाठी माणसे आणि पैसा लागतो, हा मात्र वेगळा आणि मोठा विषय आहे.

धंतोलीवासी

सर्वांचे आभार. गँटकडे मी कथानकाची सुरुवात म्हणूनच पाहत होतो. जरीपटकावासी यांच्या उत्तरानंतर पहिला भाग पुन्हा पाहीन.

इतवारीकरांच्या मुद्द्यावर एक भर घालतो. तिसऱ्या पर्वाच्या शेवटी दोघेही एकमेकांना विकतात: स्ट्रिंगर एव्हॉनचा अड्डा पोलिसांना कळवतो आणि एव्हॉन स्ट्रिंगरला मारेकऱ्यांच्या हाती देतो. त्या रात्री दोघे सज्जात उभे राहून लहानपणच्या गोष्टी काढतात, आणि प्रत्येकाने आपला व्यवहार आधीच उरकलेला असतो. वरवर पाहता हा बरोबरीचा सामना आहे. पण पाचव्या पर्वात मार्लो या नव्या टोळीप्रमुखाला माल पुरवणाऱ्या परदेशी लोकांपर्यंत पोहोचायचे असते, आणि त्यासाठी ज्या कैद्याला भेटायचे त्याच्या जागी भेटीच्या खिडकीपलीकडे एव्हॉन येऊन बसतो. पश्चिम भागातला एकही चौक तेव्हा त्याच्याकडे उरलेला नाही. तरीही ती ओळख करून देण्यासाठी तो मार्लोकडून एक लाख डॉलर मागतो, आणि ते आपल्या बहिणीला पोहोचवायला सांगतो.